पूर्वीची पातळी

मध्यमवर्गीय माणूस खेळत असतो तोवर त्याच्या खेळाची कुणी विचारपूस करत नाही. तो सकाळी सहाला रॅकेट खांद्याला लावून सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडतो, आठला घामेजून परत येतो, आणि त्यावर घरच्यांचं म्हणणं एवढंच असतं, की येताना कोथिंबीर आणली असती तर बरं झालं असतं. पण एकदा त्याचं लिगामेंट तुटू द्या, लगेच तो खेळाडू होतो. वॉचमनपासून चौथ्या मजल्यावरच्या आजींपर्यंत ज्याला त्याला एकच चिंता: 'मग, परत कधी?'

ही बढती मलाही लिगामेंटनेच मिळवून दिली. ऑपरेशननंतर भेटायला आलेल्या मावशींनी आईला विचारलं, 'हा स्टेट लेव्हलला खेळायचा ना गं?' आई सत्यवचनी बाई आहे, पण त्या वेळी ती चहा गाळत होती. पुढचे पाहुणे येईपर्यंत मी स्टेटला जाता जाता राहिलो होतो. बॅडमिंटनच्या ग्रुपवर माझे जुने स्मॅश आठवले जाऊ लागले. त्यांतले काही मारले गेले तेव्हा मी स्वतःसुद्धा कोर्टवर नव्हतो. माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलंच बोलायची आपल्याकडे रीत आहे. लिगामेंट गेल्यावरही ती पाळली जाते, आणि शिवाय ऐकायला आपण हजर असतो. पडल्या पडल्या मलाही माझा खेळ हळूहळू आठवू लागला. तो मला फार आवडला.

तसं पुण्यात राहून बॅडमिंटन खेळण्यात विशेष काही नाही. एकोणिसाव्या शतकात या खेळाचे सुरुवातीचे नियम पुण्याच्या लष्करातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनीच बांधले, आणि तेव्हा खेळालाही 'पूना' म्हणत. नियम करायचेच तर ते पुण्यात होणार, याचं उरलेल्या महाराष्ट्राला नवल वाटू नये. शिवाय खेळ कसा सभ्य. मध्ये जाळी, कुणी कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही, फूल जेमतेम पाच ग्रॅमचं. एवढ्या सोवळ्या खेळात गुडघा जातोच कसा, असं लोक विचारतात. पण एसीएल नावाचा गुडघ्यातला दोर बहुतेक वेळा कुणाच्या धक्क्याने तुटतच नाही. माणूस एकटाच उडी मारतो, एकटाच उतरतो. पाय जमिनीला खिळतो, अंग दुसरीकडे वळतं आणि आतून 'टक्' असा आवाज येतो. उजव्या हाताने खेळणारा डाव्या कोपऱ्यात उंच आलेलं फूल डोक्यावरून मारायला उडतो आणि डाव्या पायावर उतरतो, ती जागा त्यासाठी खास बदनाम आहे. तिथे बॅकहँड मारला तर उडावं लागत नाही. पण त्यासाठी बॅकहँड यावा लागतो.

सर्जननी प्लास्टिकचा गुडघा टेबलावर ठेवून सगळं समजावून सांगितलं. तुटलेला दोर बहुतेकदा शिवून भागत नाही, नवा बसवावा लागतो. तो मांडीच्या मागच्या बाजूचा किंवा वाटीखालचा आपलाच स्नायूबंध काढून करतात. हाडांना आरपार बोगदे पाडायचे, त्यांतून तो ओवायचा आणि स्क्रू नाहीतर बटण लावून पक्का करायचा. ही उसनवारी शंभर वर्षांहून जुनी आहे. ब्रिस्टलच्या अर्नेस्ट हे ग्रोव्ह्ज या सर्जननी १९१७ मध्येच मांडीच्या बाजूच्या पडद्याची पट्टी काढून तिचं लिगामेंट केलं होतं. आता हे काम दुर्बिणीतून होतं, टाके मोजकेच पडतात आणि पाहुण्यांची निराशा होते. 'एवढंच?' असं म्हणत ते बिस्किटाकडे वळतात.

मला मात्र ही पद्धत ओळखीची वाटली. एका खात्यात बरी नोकरी करणाऱ्याला उचलून भलत्याच खात्यात बसवायचं, याला शासकीय भाषेत प्रतिनियुक्ती म्हणतात. हा नवा माणूस खुर्चीत बसला म्हणजे काम सुरू झालं असं नव्हे. आल्या आल्या त्याला स्वतःचा रक्तपुरवठासुद्धा नसतो. पहिले काही आठवडे तो जुन्या खात्याच्या पुण्याईवर तग धरतो, मग झिजतो, मग त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, आणि आपण स्नायूबंध नसून लिगामेंट आहोत हे त्याला पटायला वर्ष उलटून जातं. यातली मेख अशी, की तो सगळ्यात कच्चा असतो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला, आणि नेमकं तेव्हाच गुडघा दुखायचा थांबलेला असतो. सूज उतरलेली, कुबड्या माळ्यावर गेलेल्या, जिना विनासायास. या दिवसांत दोर जितका दुबळा तितका मालक उत्साही. देवाने गुडघा घडवला तेव्हा विनोदबुद्धी शाबूत होती, याचा याहून वेगळा पुरावा नको.

पण तिसरा महिना पुढे. आधी फिजिओथेरपी.

आमची फिजिओथेरपिस्ट पंचविशीची मुलगी. मला तिने पहिल्याच दिवशी 'काका' करून टाकलं. कॉटवर आडवं केलं, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी सरकवली, वाटीच्या वर दोन बोटं ठेवली आणि म्हणाली, 'काका, मांडी घट्ट करा.' मी केली. 'करा ना.' मी म्हटलं, केली की. तिने शांतपणे माझ्या बऱ्या पायाकडे बोट दाखवलं. तो कडक झाला होता, माझा जबडाही झाला होता, कपाळावर घाम होता. ऑपरेशनच्या पायाची मांडी मात्र उन्हात वाळत घातलेल्या सतरंजीसारखी निवांत पडली होती. गुडघ्यात सूज असली की मेंदू समोरच्या स्नायूची वीज परस्पर तोडतो. आपण हुकूम सोडतो, तो पोचतच नाही. मग त्या मुलीने दोन चिकट पट्ट्या लावल्या, मशिनचं बटण फिरवलं, आणि माझी मांडी माझ्या परवानगीशिवाय थडथड उडू लागली. 'बघा, येतंय ना!' ती म्हणाली. घरात ज्याचं कुणी ऐकत नाही त्याचा पायही ऐकत नाही, हे कळल्यावर एक प्रकारची शांतता लाभते.

शेजारच्या कॉटवर गुडघा बदललेल्या सत्तरीच्या आजी असत. आमचे दोघांचे गुडघे कोनमापकाने मोजले जात, आणि आकडे मोठ्याने सांगितले जात. हे दुसरं करायला नको होतं. पहिल्या आठवड्यांत आजींचा गुडघा एकशे दहा अंशांत वाकत होता आणि माझा काटकोनावर अडून बसला होता. 'होईल हो, वय आहे तुमचं,' असं त्या मला म्हणायच्या. कोर्टवर हरून मला जितका राग आला नव्हता तितका त्या कॉटवर आला. टाच कॉटवरून मागे ओढताना मी दात-ओठ खात असे ते लिगामेंटसाठी नव्हे, आजींना गाठण्यासाठी. मी एकशे वीसला पोचलो त्या दिवशी त्यांना घरी सोडलं होतं. विजय पाहायला कुणी नव्हतं.

आता तिसरा महिना. या काळात मराठी समाजाकडे गुडघ्याबद्दल केवढं ज्ञान आहे याचा अंदाज येतो. एक पक्ष वंगणाचा. त्यांच्या मते गुडघ्यातलं वंगण संपलेलं असतं आणि ते डिंकाच्या लाडवांनी भरून येतं. लिगामेंट वगैरे डॉक्टरांची भाषा. दुसरा पक्ष पाल्याचा: निर्गुडी बांधा, पारिजातक उकळून प्या. तिसरा पक्ष, 'उगीच कापून घेतलंस, आमच्या गावाकडे एक जण नुसता ओढून बसवतो' असं म्हणणारा. चौथा पक्ष सर्वांत धोकादायक, कारण तो बातम्या वाचतो. खालच्या मजल्यावरचे काका मला जिन्यात गाठून म्हणाले, 'विनेश फोगाटचं ऑपरेशन मुंबईतच झालं ना? ऑगस्ट २०२३. पुढच्या ऑगस्टमध्ये पॅरिसला तिने आंतरराष्ट्रीय कुस्तीत कधी न हरलेल्या सुसाकीला लोळवलं. वर्षाच्या आत! आणि तू अजून कठडा धरतोस?'

काकांच्या तारखा बरोबर होत्या. उत्तर द्यायचं तर मला म्हणता आलं असतं, की विनेशचं काम कुस्ती आहे आणि माझं काम जीएसटीचे परतावे भरणं. तिच्या गुडघ्यामागे दिवसभर माणसं राबत असतात, माझ्यामागे ऑफिसचे फोन असतात. आणि विजेत्यांचीच उदाहरणं द्यायची तर बॅडमिंटनमधल्या कॅरोलिना मरिनचंही पुरतं सांगावं. जानेवारी २०१९ मध्ये जकार्तात सायनाविरुद्धच्या अंतिम सामन्यात तिचा उजवा गुडघा गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये परतून तिने चायना ओपन जिंकली, आणि जगभरच्या जिन्यांतल्या काकांना दाखला मिळाला. पुढे २०२१ मध्ये डावा गुडघा गेला, टोकियो ऑलिंपिक हुकलं. पॅरिसला उपांत्य सामना हातात असताना पुन्हा उजवा गेला आणि ती कोर्टवरच रडत बसली. तिला त्या दिवशी सगळ्या जगाने पाहिलं. पण दाखला देताना माणसं पहिल्या परतीपाशी थांबतात.

डॉक्टर मंडळींचं म्हणणं याहून रूक्ष आहे. डेलावेअर आणि ऑस्लोच्या संशोधकांनी मिळून केलेला एक अभ्यास २०१६ मध्ये आला. त्यात दिसलं, की वळणं-उड्यांच्या खेळात परतणं नवव्या महिन्यापर्यंत जितकं लांबवावं, तितका गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका दर महिन्यामागे जवळपास निम्म्याने घटतो. परतण्याच्या चाचण्या पार न करता खेळायला उतरलेल्यांपैकी ३८ टक्क्यांचा गुडघा पुन्हा दुखावला. पास झालेल्यांत हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आतच राहिलं. हे मी काकांना जिन्यात सांगितलं. काका म्हणाले, 'ते नॉर्वेचे गुडघे, थंडीतले.'

या चाचण्या मोठ्या मजेच्या. एका पायावर लांब उडी, एका पायावर तीन उड्या, रेषेच्या अल्याड-पल्याड नागमोडी उड्या, आणि एका पायावर सहा मीटर पळत घड्याळाशी स्पर्धा. आधी बरा पाय, मग ऑपरेशनचा. दुसऱ्याने पहिल्याच्या किमान नव्वद टक्के उडी मारली पाहिजे. म्हणजे ठरावीक अंतर पार करायचं नसतं, आपल्याच दुसऱ्या पायाची बरोबरी करायची असते. अर्थात हे नव्वद टक्के मिळवायचे दोन मार्ग आहेत: दुखरा पाय सुधारणं, किंवा बरा पाय बिघडवणं. घरी बसून दुसरा मार्ग आपोआप साधतो, आणि तसा तो साधला जातो हे तज्ज्ञांच्याही ध्यानात आलेलं आहे. माझ्या बऱ्या पायाने मन लावून बिघडण्यात हातभार लावला. चाचणीनंतर फिजिओ म्हणाली, 'चौऱ्याण्णव टक्के, काका!' दहावीलासुद्धा मला हा आकडा दिसला नव्हता. आईने पेढे आणले. वडिलांनी विचारलं, 'उरलेले सहा कुठे गेले?'

पायाची परीक्षा झाल्यावर मनाची. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये बारा प्रश्नांची एक पट्टी तयार केली. गुडघा पुन्हा जाईल अशी भीती वाटते का, खेळताना गुडघ्याचाच विचार येतो का, स्वतःवर भरवसा आहे का, असं सगळं आपण अंकांत उत्तर द्यायचं. भीतीला मार्क द्यायची सवय आपल्याला नाही. बायकोला विचारलं, 'शून्य ते शंभरमध्ये मी किती घाबरलोय?' ती म्हणाली, 'कशाला? गुडघ्याला की हरायला?' हा प्रश्न ऑस्ट्रेलियातल्या बारांत नव्हता. आणि माझी सगळी गोम त्यातच होती.

कारण आता मी कीर्तीच्या शिखरावर होतो. नऊ महिने न खेळता मी जे नाव कमावलं होतं ते पंधरा वर्षं खेळून कमावलं नव्हतं. ग्रुपवर लोक म्हणत, 'तू असतास तर ती मॅच फिरली असती.' ही मॅच मी असताना कधीच फिरली नव्हती, पण लोकांना वाद नको असतो. गुडघ्याच्या आड माझा बॅकहँड झाकला गेला होता, माझी सर्व्हिस झाकली गेली होती, जाळीपाशी मी फूल सोडून जोडीदाराकडे बघतो तेही झाकलं गेलं होतं. लिगामेंटच्या जागी दुसरा दोर घालता येतो. एवढी भक्कम सबब पुन्हा मिळत नाही. चौऱ्याण्णव टक्क्यांच्या त्या कागदाने ती एका फटक्यात हिसकावून घेतली.

फिजिओच्या व्यायामशाळेत एक मुलगा यायचा, सांगली जिल्ह्यातला, कबड्डीतला चढाई करणारा. बचावपटूंनी घोटा धरला, अंग फिरलं, पाय फिरला नाही. मॅटवरच्या कबड्डीत हे गुडघ्याचं नेहमीचं मरण. त्याला माझ्यासारखी चैन परवडणारी नव्हती. पोलीस भरतीला सोळाशे मीटर धावायचं होतं, गावात दिवाळीनंतरची स्पर्धा होती, आणि त्याचे कोच फोनवर एकच विचारत, 'येतोस का नाही?' तो रोज सगळ्यांच्या आधी यायचा. एका पायावर उडी मारून उतरला की दोन-तीन सेकंद तसाच, डोळे गुडघ्यावर रोवून उभा राहायचा. वाटी अंगठ्याच्या रेषेत आहे ना, आत तर झुकत नाही ना, ते बघत. मी त्याला विचारलं, 'भीती वाटते?' तो म्हणाला, 'वाटती की. पण सर, भीती वाटली की पाय नीट पडतो.' त्याला विद्यापीठाने पदवी द्यायला हरकत नव्हती. मी मात्र त्याच्यापुढे आपली 'पूर्वीची पातळी' हा विषय काढला नाही.

'पूर्वीची पातळी' हे शब्द माझे नव्हेत, शास्त्राचे आहेत. २०१४ मध्ये एका संशोधनाने साडेसात हजार माणसांच्या नोंदी एकत्र केल्या. एसीएलच्या ऑपरेशननंतर शंभरातले ८१ कुठल्या ना कुठल्या खेळात परतले, ५५ स्पर्धांत उतरले, आणि पूर्वीच्या पातळीवर परतले ते फक्त ६५. हा आकडा वाचून लोक हळहळतात. मी वाचला तेव्हा मला एक गोष्ट खटकली. त्या ६५ जणांची पूर्वीची पातळी कुणी ठरवली? ज्याचं लिगामेंट गेलंय त्यालाच विचारली असेल, तर तो आकडा मुळातच फुगलेला असणार. नऊ महिने अंथरुणात आणि ग्रुपवर राहिलेल्या माणसाची पूर्वीची पातळी दर आठवड्याला चढते. तिच्यावर परत कोण पोचणार? मीसुद्धा पोचलो नसतो, कारण मी तिच्यावर कधी गेलोच नव्हतो.

शेवटी उतरलो. सर्जननी मान हलवली, फिजिओने उडी मारून परत उतरण्याची पद्धत सतरांदा घोटून घेतली, आईने 'हळू' म्हटलं, बायकोने 'कोथिंबीर' म्हटलं. कोर्टवर स्वागत झालं. कुणीतरी फोटो काढला. पहिल्या गेममध्ये प्रतिस्पर्धी मला सौजन्याने फूल उंच देत होते, आणि मी ते सौजन्य जाळीत मारत होतो. दुसऱ्या गेममध्ये त्यांनी सौजन्य आवरलं. डाव्या कोपऱ्यात उंच फूल आलं तेव्हा मी उडालो नाही. शिकवल्याप्रमाणे पाय रोवून वळलो आणि बॅकहँड मारला. तो शेजारच्या कोर्टवर पडला. तिथल्यांनी तो परत केला.

एकवीस-नऊ, एकवीस-सात. बाकावर बसल्यावर समोरच्या जोडीतले गृहस्थ जवळ आले आणि हळुवारपणे म्हणाले, 'गुडघा अजून त्रास देतोय वाटतं? घाई नको करू. पुढच्या वर्षी ये.' सबब हातात परत दिली जात होती, आणि मी ती घ्यायला तोंड उघडलंही होतं. पण माझा पंधरा वर्षांचा जोडीदार पाणी पिता पिता थांबला.

'गुडघ्याला काही झालेलं नाही,' तो म्हणाला. 'अगदी पहिल्यासारखा खेळला.'

आता शास्त्राच्या त्या पासष्टांत माझं नाव घालायला कुणाची हरकत असू नये. साक्षीदार हजर आहे, आणि तो मुळीच फुगवून बोलत नाही.